लोकसंख्येतला वाटा वेगळा, मतदारांतला वेगळा

प्रश्न : अमेरिकी निवडणुकीच्या बातम्यांत हिस्पॅनिकांचा (स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेल्यांचा) वाटा कुठे १९ टक्के, कुठे १५ टक्के दिसतो. खरा कोणता? – एक वाचक, अंबाजोगाई

दोन्ही खरे, छेद वेगळा. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक १८.७ टक्के होते, पण त्यात तान्ही पोरंही आली. मतदानाला पात्र म्हणजे वय १८ पूर्ण आणि नागरिकत्व. या दोन चाळण्यांनंतर २०२४ साली, प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार, त्यांचा वाटा १४.७ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी ६२ लाख. कृष्णवर्णीय १४ टक्के आणि आशियाई ६.१.

एक काल्पनिक हिशोब मांडा. वस्ती १०००, त्यात ३०० एका समाजाचे. त्यांतली १२० पोरं, ६० प्रौढांना नागरिकत्व नाही, उरले १२०. बाकीच्या ७०० मधून १५० पोरं वजा, नागरिक सगळेच, उरले ५५०. १२० ला ६७० ने भागा. ३० टक्क्यांचे १८ झाले! हिस्पॅनिकांचं असंच होतं: समाज तरुण, शिवाय बरेच जण नागरिक नसलेले स्थलांतरित.

हे आकडे मतदार यादीतून येत नाहीत. फ्लोरिडा, जॉर्जियासारखी मोजकी राज्यं नोंदणी अर्जात वंश विचारतात. बहुतेक विचारत नाहीत. २०२० च्या जनगणनेतही नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता. तो असतो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या जनगणना विभागाच्या पाहणीत, जो सर्व्हे दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो. हा नमुना आहे, म्हणून छोट्या काउंटीसाठी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पाच वर्षांची एकत्रित आकडेवारीच घ्यावी.

हमखास होणारी चूक म्हणजे हिस्पॅनिक हा वंश धरणं. २०२० च्या जनगणनेपर्यंत तो प्रश्न वंशाच्या प्रश्नाहून वेगळा होता, त्यामुळे एकच माणूस गोराही आणि हिस्पॅनिकही. दोन्ही आकडे बेरजेत घेतले की तो दोनदा मोजला जातो. ‘बिगर-हिस्पॅनिक गोरे’ हा रकाना शोधा.

प्रश्न : आपल्याकडे ‘मतदारसंघात अमुक समाजाची इतकी मतं’ हे कुठून काढतात? – एक वाचक, परभणी

बहुतेकदा अंदाजपंचे. आपल्या मतदार यादीत नाव, नातेवाईकाचं नाव, वय, लिंग, घर क्रमांक आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो; जात नसते. कार्यकर्ते आडनावांवर खुणा करत बसतात. मराठवाड्यात ते फसतंच: जाधव, पवार, चव्हाण मराठ्यांतही आणि बंजाऱ्यांतही.

सर्व जातींचे छापील तक्ते शेवटचे १९३१ चे, आणि तेव्हा मराठवाडा निजामाकडे; त्यामुळे ते मुंबई इलाख्याच्या नव्हे, हैदराबाद संस्थानाच्या खंडात पाहावे लागतात. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत फक्त अनुसूचित जाती-जमातींचे आकडे मिळतात. लातूर लोकसभा राखीव झाली तीही २००१ च्या लोकसंख्येवर, मतदारसंख्येवर नाही. येत्या जनगणनेत (संदर्भ दिनांक १ मार्च २०२७) जात विचारली जाणार आहे. तरी १८ वर्षांवरचे वेगळे काढून ते मतदारसंघाच्या हद्दीत बसवल्याशिवाय त्या आकड्यांना ‘मतं’ म्हणता येणार नाही.