येऊरच्या चढाआधी

सायकल घेतलीस, फार बरं वाटलं. पण पहिल्याच रविवारी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर जाऊ नकोस, तिथे ट्रक-डंपर अंगावरून जातात. उपवन तलावापासून येऊरच्या डोंगराकडे वळ. तेही उजाडल्यावरच. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्याचं घर.

आधी सीट बघ. टाच पेडलवर ठेवून पेडल पार खाली नेलंस की गुडघा सरळ व्हायला हवा. नवी मंडळी सीट फार खाली ठेवतात, मग गुडघे दुखतात आणि सायकल गॅलरीत धूळ खात पडते. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

चढ लागण्याआधीच गिअर हलका कर. चढावर जोर लावत असताना बदललास तर चेन उतरते. धाप लागली तर खुशाल उतरून ढकल. खरी काळजी उताराला. वेग वळणाच्या आधी कमी कर, वळणात नाही. दोन्ही ब्रेक मिळून दाब, सोड, पुन्हा दाब. पावसाळ्यात कडेला शेवाळ आणि ओली पानं असतात, तिथे चाक सरकन घसरतं.

हेल्मेट, पाणी, जादा ट्यूब, हातपंप घे. आणि पाड्यांजवळ वेग कमी ठेव, पोरं रस्त्यावरच खेळत असतात.