१२८ च्या एमपी३ मधले दोष कानाने ओळखायला कसं शिकावं? मला मूळ सीडी आणि एमपी३ मध्ये फरकच कळत नाही, माझे कान खराब आहेत का?

कान ठीक आहेत तुमचे. काय ऐकायचं ते कुणी दाखवलेलं नाही, एवढंच. मला ते कळायला सख्ख्या भावासमोर तोंडघशी पडावं लागलं होतं.

हार्डडिस्क लहान असायच्या तेव्हाची गोष्ट. दादाने घरातल्या झाडून सगळ्या सीड्यांचे १२८ केबीपीएसचे एमपी३ केले आणि सीड्या वाटून टाकल्या. त्याचा हिशेब सरळ होता: सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, इथे १२८, म्हणजे जागा अकरा पटीने वाचली. मी भडकलो. 'आवाजातला जीवच गेला' वगैरे बोललो. वाटपातून कशीबशी सुटलेली एक सीडी दादाने काढली आणि म्हणाला, "ओळखून दाखव."

परीक्षा नेहमीचीच, एबीएक्स. अ म्हणजे मूळ, ब म्हणजे एमपी३, आणि क्ष त्यातला कुठला हे १६ वेळा सांगायचं. मी १६ पैकी १६ बरोबर सांगितले. दोन दिवस घरात कॉलर ताठ करून फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी दादाने विचारलं, "तू दर वेळी गाणं चालू असताना मध्येच का बदलतोस रे?"

झालं असं होतं की एमपी३ करताना आणि परत उलगडताना फाइलीच्या सुरुवातीला हजारएक सॅम्पलची (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप) शांतता चिकटते. प्लेअरने ती कापली नाही तर अख्खं गाणं सुमारे २५ मिलिसेकंद मागे पडतं. मी अ वरून क्ष वर उडी मारली की फाइल वेगळी असेल तर ठेका किंचित अडखळायचा, तीच असेल तर नाही. मी ते अडखळणं ओळखत होतो आणि स्वतःशी म्हणत होतो, बघा, जीव ऐकू येतोय! लबाडी नव्हती हो ती, मला खरंच पत्ता नव्हता. दादाने दोन्ही फाइली नीट जुळवल्या आणि परत बसवलं. आले ९. नुसतं नाणं उडवत बसलं तरी ९ किंवा जास्त दहातून चार वेळा येतात.

त्यानंतर मी महिनाभर हट्टाने शिकलो. तुम्हाला सांगण्यासारखं आहे ते हे.

सुरुवात १२८ पासून करूच नका. तेच गाणं ६४ ला करा. तिथे दोष इतका ढोबळ असतो की हसू येतं. तो कानात बसला की ९६ ला तोच शोधा, मग १२८ ला. आख्खं गाणं ऐकण्यात अर्थ नाही, दोन-तीन सेकंदांचा तुकडा फिरवून फिरवून ऐका. दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवा, नाहीतर जो जरा मोठा तोच चांगला वाटतो. मोठ्या वाद्यमेळाच्या मागे लागू नका, त्या गर्दीत दोष लपतात. एमपी३ घडवणाऱ्या कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग यांनीसुद्धा कसोटीला सुझान वेगाचं 'टॉम्स डायनर' घेतलं होतं, साथीशिवाय एकट्या बाईचा आवाज.

माझं कुलूप उघडलं ते कॅस्टनेटने, म्हणजे बोटांत धरून टकटक वाजवायच्या लाकडी चकत्यांनी. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला मोजके बिट देतो. लांब तुकड्याची खिडकी ११५२ सॅम्पलची, म्हणजे २६ मिलिसेकंद. काटकसरीतून जी खरखर होते ती त्या सबंध खिडकीत पसरते. आता खिडकीच्या शेवटी एक कोरडा 'टक्' असेल तर त्याची खरखर टक् च्या आधीच वाजायला लागते. मोठ्या आवाजानंतरची बारीक कुरकुर कान बराच वेळ झाकून घेतो, आधीची मात्र जेमतेम काही मिलिसेकंद. त्यामुळे 'टक्' चं होतं 'छटक्'. एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्राम, अशा वेळी छोटे तुकडे वापरतो, पण जुने एन्कोडर हटकून चुकायचे. तो 'छ' एकदा ऐकला की पुढे न ऐकणं आपल्या हातात राहत नाही.

झांज पाण्याखाली वाजल्यासारखी घुसळते. आणि टाळ्या! मूळ ध्वनिमुद्रणात एकेक टाळी सुटी फुटते, १२८ ला तीच गर्दी पत्र्यावरच्या पावसासारखी सलग होते. १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं ओळखायच्या नादाला मात्र लागू नका. ते स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या कंपनांच्या आलेखावर) झकास दिसतं, कानाला फारसं कळत नाही, चाळिशीनंतर तर नाहीच.

मग मी दादाला टाळ्यांवर आव्हान दिलं. १६ पैकी १४. (१२ किंवा जास्त निव्वळ नशिबाने यायची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी.) दादा म्हणाला, "टाळ्या ऐकायला गाणी कोण लावतं?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आता आहे. फरक कळत नाही म्हणून मूळ फेकून द्यायचं हे गणितच चुकीचं. १२८ ची फाइल पुढे कधीतरी एएसी, ओपस अशा दुसऱ्या आवळलेल्या प्रकारांत करावी लागते, ब्लूटूथवर जाताना ती पुन्हा आवळली जाते. दर वेळी आधीच्या खरखरीवर नवी खरखर चढते, आणि ३२० ला परत केल्याने गेलेलं काही परत येत नाही, नुसती फाइल फुगते. फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता आवळणाऱ्या प्रकारात, ठेवलं असतं तर निम्म्याच्या आसपास जागेत सगळं जसंच्या तसं राहिलं असतं. ऐकायला खुशाल १२८ घ्या, ठेवणीत मूळ हवं. दादा, तू हे वाचत असशील तर हे तुलाच आहे.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं १२८ आणि त्याखालचं. चांगल्या एन्कोडरने केलेल्या ३२० मध्ये मी आजही बहुतेक गाण्यांवर नापास होतो, आणि 'मला लगेच कळतं' म्हणणाऱ्याला आधी १६ वेळा बसवा, फाइली जुळवून. आजचे एन्कोडरही त्या काळच्यापेक्षा बरेच सुधारलेत, तेव्हा तुम्हाला १२८ ला काही सापडलं नाही तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि शिकायचं का, हेही बघा. माझ्या आवडीच्या एका मैफलीची फक्त दादाची १२८ ची फाइल उरली आहे. गाणं संपत आलं की मी टाळ्यांच्या आधी बंद करतो.