मुलाला फुटबॉलचा व्हिडिओ गेम घेऊन देण्याआधी आईवडिलांनी तो स्वतः खेळून बघावा का?

तुम्ही लिहिलंय की अकरा वर्षांचा मुलगा वाढदिवसाला फुटबॉलचा गेम मागतोय, तुम्हाला फुटबॉल फारसा कळत नाही, गेम तर त्याहून कळत नाही, मग आधी स्वतः खेळून बघण्यात काही अर्थ आहे का. आहे. पण एकदा हातात धरून "बरं आहे, मारामारी नाही यात" एवढं म्हणून परत द्यायचा असेल, तर तसदी घेऊ नका. तेवढं डब्यावर छापलेलं असतं. निदान दहा मॅच हरा. मी साठेक हरलोय, त्या अनुभवावर लिहितोय.

मी कोल्हापूरचा. इथं फुटबॉल कुणी मुद्दाम शिकवत नाही, पेठेत जन्मलं की तो घरात असतोच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे इथले दोन संघ समोरासमोर असले की माझी आई टीव्हीवरची मालिका सोडून स्कोअर विचारते. मी स्वतः दोन सीझन एका छोट्या संघातून लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, खेळलोय. नाव सांगण्यासारखं काही केलं नाही, पण ऑफसाइड म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे लेकीने गेम मागितला तेव्हा माझी समजूत अशी, की यात काय अवघड आहे.

तिच्या डोक्यात हे २०२२च्या वर्ल्ड कपपासून होतं. आमच्या गल्लीत तेव्हा अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे इतके लागले होते की नवीन माणसाला वाटावं वकिलात आहे. अर्जेंटिना-फ्रान्स फायनल ३-३, मग पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. त्या रात्रीपासून "पप्पा, गेम" सुरू झालं. शेवटी एक जुना पीएस-फोर (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, प्लेस्टेशन ४) घेतला आणि त्यावर एफसी ट्वेंटीफोरची डिस्क. (हाच तो पूर्वीचा फिफा. ईए कंपनीचा आणि फिफा संघटनेचा करार संपला, २०२२चा फिफा २३ हा त्या नावाचा शेवटचा, २०२३पासून नाव बदललं. दुकानदार आणि पोरं अजून फिफाच म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, डिस्क बरोबर मिळते.)

पहिल्या मॅचला तिने मला मुंबई सिटी हा आपल्याकडचा क्लब दिला आणि स्वतः इंग्लंडचा मँचेस्टर सिटी घेतला. म्हटली, "दोन्ही सिटीच की ओ." तेव्हा दोन्हींचा मालकही एकच गट होता म्हणा. पण एकीकडे हालांडसारखा गोलांचा धडाका लावणारा आणि दुसरीकडे आपली पोरं, हा फरक तिने सोयीस्करपणे सांगितला नाही. मी हातात घेतलं त्याला रिमोट म्हणालो. "कंट्रोलर म्हणा," ती म्हणाली. इथून माझं शिक्षण सुरू झालं.

पहिली पाच मिनिटं मला मैदानावर मी कोण आहे हेच सापडेना. अकरा जणांतला एकच आपल्या हातात असतो, बाकीचे दहा आपापले पळतात, आणि आपला कोण हे त्याच्या डोक्यावरच्या छोट्या खुणेवरून ओळखायचं. एल-वन दाबला की दुसरा माणूस आपला होतो. मी दाबला की नेमका बॉलपासून लांबचा मिळायचा. मग मी दुसरी चूक केली, आर-टू सोडलाच नाही. तो पळायचा खटका. प्रत्येक जण पूर्ण मॅच जीव तोडून पळाला आणि साठाव्या मिनिटाला सगळे माझ्यासारखे धापा टाकायला लागले. गेम दमसुद्धा मोजतो, हे मला माहीत नव्हतं.

आणि मग ट्रँगल, म्हणजे त्रिकोणाचं बटण. बॉल आपल्याकडे असताना ट्रँगल दाबला की पुढे पळणाऱ्याला थ्रू पास जातो. हे मला पटलं, आवडलंही. पण बॉल समोरच्याकडे असताना तेच बटण दाबलं, तर आपला गोली गोल सोडून धावत पुढे येतो. मला वाटलं हे "बॉल बाहेर मार" असेल. मी जिवाच्या आकांताने ट्रँगल दाबून धरलेला, गोली पेनल्टी बॉक्सच्या बाहेर, मागं रिकामी जाळी, आणि लेक ओरडतेय, "पप्पा, ट्रँगल सोडा की! ट्रँगल सोडा!" स्वतःच गोल मारणार आणि स्वतःच मला वाचवायला बघणार. ७-० हरलो. आईने मागून विचारलं, "यातले आपले कुठले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग राहू दे."

हे सगळं एवढं सांगायचं कारण, तुम्हीही हेच करणार आहात, आणि ते मुलासमोर करायचं आहे. एकटे रात्री बसून सराव करू नका. घरात ज्याला कायम काहीतरी शिकवलं जातं, त्याला एकदा शिकवायला मिळू द्या. माझी लेक अभ्यासाला बसली की तीन मिनिटांत चिडते. तीच मला चौथ्यांदा, आवाज न चढवता, सांगत होती, "क्रॉस, ते फुलीचं पासचं बटण, हळू दाबला तर बॉल जवळ जातो, धरून ठेवला तर जोरात. दाबून बघा. मी थांबतो." (हो, "थांबतो". कोल्हापूरच्या मुली अशाच बोलतात, बाहेरगावच्यांना गंमत वाटते.)

एक दिवस मात्र मी गप्प झालो. मी बॉलवाल्याच्या अंगावर धावून जात होतो, बॉल हिसकावायला सर्कल दाबत होतो, तो मला चुकवून निघून जात होता किंवा मला कार्ड मिळत होतं. ती म्हणाली, "पळत जाऊन भिडू नका. एल-टू धरा, समोर उभं राहा, त्याला बाहेरच्या बाजूला जाऊ द्या, आत येऊ देऊ नका." हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी गांधी मैदानावर शिव्यांसकट ऐकलंय. बचावातली ही गोष्ट समजायला मला तीन वर्षं आणि एक टाका लागला होता. ती कधी खऱ्या मैदानावर मॅच खेळलेली नाही, पण तिला ते कळलं होतं. पाय मात्र गेम खेळून तयार होत नाहीत हेही सांगतो. मैदानावर नेलं तेव्हा तिला जागा बरोबर दिसत होती, बॉल तिथं पोचत नव्हता.

आता तुमच्या मूळ काळजीकडे. मॅचमध्ये काळजी करण्यासारखं काही नाही. युरोपच्या पेगी पद्धतीत त्याला ३ हे मानांकन आहे, म्हणजे तीन वर्षांच्या पुढच्या कुणालाही चालेल. रक्त नाही, शिव्या नाहीत. पण त्या ३ आकड्याशेजारी बारीक अक्षरात गेममधल्या खरेदीचा उल्लेख असतो, तो वाचा. खरी गोम मॅचच्या बाहेर, मेनूत आहे, आणि ती स्वतः खेळल्याशिवाय दिसत नाही.

या गेममध्ये "अल्टिमेट टीम" नावाचा भाग आहे. खेळाडूंची कार्डं गोळा करायची आणि आपला संघ बांधायचा. कल्पना झकास आहे. एफसी ट्वेंटीफोरपासून त्यात बायका आणि पुरुष एकाच संघात खेळवता येतात. फ्रान्सच्या एम्बाप्पेला ९१ गुण आणि स्पेनच्या पुतेयास या बाईलाही ९१, हे माझ्या लेकीने मला तीनदा दाखवलं. पण कार्डं मिळतात बंद पाकिटातून. पाकीट खेळून मिळवलेल्या नाण्यांनी घेता येतं, आणि खऱ्या पैशांनी घेतलेल्या पॉइंट्सनीही. आत कोण आहे ते फोडल्यावर कळतं.

ते पाकीट कसं फुटतं हे एकदा मुलाच्या शेजारी बसून बघा. चांगलं कार्ड असेल तर अंधार होतो, दिवे लागतात. आधी देशाचा झेंडा दिसतो. मग जागा, म्हणजे स्ट्रायकर की बचावपटू. मग क्लबचं चिन्ह. आणि मग तो खेळाडू बोगद्यातून चालत येतो. झेंडा फ्रान्सचा दिसला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, चक्क माझ्या, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या. एम्बाप्पे नव्हता. पुढचं पाकीट फोडूया असं मीच म्हणालो. त्या रात्री मला कळलं की हे प्रकरण काय आहे. जत्रेतल्या लकी ड्रॉसमोर दहा-दहा रुपये काढणारी माणसं आठवली.

हे केवळ माझं म्हणणं नाही. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ साली पैसे देऊन घ्यायच्या अशा बंद पाकिटांना जुगार ठरवलं, आणि २०१९च्या जानेवारीत ईएने त्या देशात पॉइंट्स विकणं बंद केलं. इतर बऱ्याच देशांत ते चालू राहिले. पाकिटावर शक्यता लिहिलेली असते, आणि भारी कार्डासमोर बहुतेकदा "१ टक्क्याहून कमी" असं असतं. मुलाला ती ओळ मोठ्याने वाचायला लावा. दुसरी गोष्ट, दर सप्टेंबरच्या सुमारास नवा भाग येतो आणि जुन्या भागातली कार्डं नव्यात येत नाहीत. मी लेकीला एवढंच विचारलं, की वर्षभर जमवलेला संघ सप्टेंबरात रद्दी होणार असेल तर त्याला पैसे द्यायचे का. ती विचार करून म्हणाली, "नाण्यांनीच घेतो." तेव्हापासून तेच चालू आहे. दर वेळी इतकं सोपं जाईल असं नाही. तिच्या वर्गातल्या एका मुलाने मोबाइलवरच्या कुठल्यातरी गेममध्ये वडिलांच्या जतन केलेल्या कार्डावरून पैसे उडवले, घरात कळलं ते महिनाअखेरीला.

म्हणून: प्लेस्टेशनवर मुलाचं खातं मुलाचंच काढा, स्वतःच्या खात्यावर बसवू नका. तुम्ही कुटुंबप्रमुख, ते तुमच्याखाली. तिथे महिन्याचा खर्च शून्यावर ठेवता येतो, अनोळखी लोकांशी बोलणं आणि मेसेज बंद करता येतात, खेळायचे तासही ठरवता येतात. आणि स्वतःचं डेबिट कार्ड त्या मशीनमध्ये जतन करू नका, सोय कितीही वाटली तरी.

तासांबद्दल माझा वेगळा अनुभव आहे. घड्याळ लावून बघितलं, रोज भांडण. कारण मी "जेवायला ये" म्हणायचो तेव्हा नेमकं ऐंशीवं मिनिट चालू असायचं, आणि ऑनलाइन मॅच मध्येच सोडली की हरल्याची नोंद होते. स्वतः ऑनलाइन खेळून १-० ने पुढे असताना बायकोने मला हाक मारली, तेव्हा पोरीची बाजू कळली. आता आम्ही मॅच मोजतो. शाळेच्या दिवशी दोन, रविवारी चार. हाफ चार मिनिटांचा ठेवला तर मेनू, बदली, रीप्ले धरून एक मॅच पंधरा मिनिटांच्या आत संपते. तिसरी सुरू होण्याआधी हाक मारायची, मध्ये नाही.

तुम्हाला फुटबॉल कळत नाही म्हणालात, तर सुरुवात "किक ऑफ"पासून करा. एकाच सोफ्यावर दोघं, इंटरनेट लागत नाही, वर्गणी लागत नाही. सेटिंगमध्ये नवशिक्यांसाठी दोनच बटणांची सोय आहे, एक पासचं, एक गोलचं. ती लाजेने नाकारू नका. मी नाकारली, त्याचे परिणाम वर लिहिलेत. किंवा दोघं एकाच बाजूला व्हा आणि मशीनविरुद्ध खेळा, "बिगिनर"वर. पहिला विजय मला असाच मिळाला.

पैसे आत्ताच घालायचे नसतील तर कोनामीचा ईफुटबॉल फुकट आहे, २०२१पासून. खेळायला छान आहे, पण कार्डांचा आणि नशिबाचा प्रकार तिथेही आहे, त्यामुळे फुकट म्हणून डोळे झाकू नका. शिवाय तिथे गोलचं बटण स्क्वेअर आहे, ईएच्या गेममध्ये सर्कल. माझा भाचा ईफुटबॉलवर वाढलेला, आमच्याकडे येऊन मोकळ्या गोलसमोर स्क्वेअर दाबतो आणि बॉल उंच उडवतो. मोबाइलवर दोन्ही मिळतात, पण मी मोबाइल नकोच म्हणेन. मोबाइलवर मूल खाली मान घालून एकटं असतं, तुम्ही शेजारी बसलात तरी तुम्हाला काही दिसत नाही.

आणि कंट्रोलर दोन घ्या. बजेट कमी असेल तर गेमचा एक वर्ष जुना भाग घ्या, डिस्क जुन्या बाजारात निम्म्याहून कमी किमतीला मिळते. पण दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे वाचवू नका. एकच असला तर तुम्ही बघत बसणार आणि दहा मिनिटांनी फोन काढणार.

माझा सध्याचा हिशोब: साठच्या वर हार, सहा बरोबरी, चार विजय. त्यातला एक ती शिंकत असताना. आईने आता मुंबई सिटी ओळखायला सुरुवात केली आहे आणि माझा गोली पुढे यायला लागला की तीच मागून ओरडते, "अरे, ते त्रिकोण सोड!"