आईबाबांची आय-९४ ची तारीख बघ

भावा, आईबाबा तुझ्याकडे अमेरिकेत आलेत ना? राजारामपुरीतल्या एजंटानं त्यांना "१० वर्षांचा व्हिसा आहे, निवांत राहा" म्हटलं असेल, पण त्यावर विसंबू नकोस. व्हिसा अमेरिकेत शिरण्यापुरता. राहायची मुदत आय-९४ वर, म्हणजे तिथे शिरताना होणाऱ्या प्रवेशनोंदीवर असते, बहुतेकदा ६ महिने. आणखी राहायचं असेल तर ती संपायच्या आधीच आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज भर, पावती जपून ठेव.

मुदत एक दिवस जरी उलटली तरी तो व्हिसा रद्द ठरतो. १८० दिवसांवर बेकायदा राहून परतले तर ३ वर्षं, वर्षभर राहिले तर १० वर्षं प्रवेशबंदी. "म्हातारी माणसं, कोण विचारतंय?" असं म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नकोस. नातवंडाच्या बारशाला यायचं राहून जाईल रे. तारीख उलटलीच असेल तर आजच इमिग्रेशन वकील गाठ.