आधी घरभाडं, मग बाकीचं

प्रश्न असा होता: युरोपात सगळीकडे उजव्या पक्षांची चलती दिसते. अशा अस्थिर काळात तिथल्या पुरोगामी पक्षांनी कोणत्या धोरणांना अग्रक्रम द्यावा? तिथे राहणाऱ्यांनी सांगावं. (माझी भाची पुढच्या वर्षी बर्लिनला शिकायला जातेय, म्हणून जरा जास्तच उत्सुकता.)

एका शब्दात सांगू? घरभाडं.

मी नऊ वर्षं बर्लिनच्या नॉयकोल्न भागात राहते. पासपोर्ट अजून भारताचाच आहे, त्यामुळे मतदानाचा हक्क नाही. निवडणुका म्हणजे माझ्यासाठी दुसऱ्याच्या घरचं लग्न. पण २०२५च्या फेब्रुवारीत संसदेची निवडणूक तोंडावर असताना एका संध्याकाळी बेल वाजली. दारात डी लिंके या डाव्या पक्षाची दोन पोरं, नाकं थंडीने लाल. मी लगेच सांगून टाकलं की मला मत नाही. तरी त्यांनी विचारलं, "तुमचं गरम भाडं किती?" इथे भाड्याला दोन नावं असतात. थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. गरम भाडं म्हणजे त्यात हीटर, पाणी, जिन्याची झाडलोट, कचरा सगळं धरून. मी आकडा सांगितला. त्यातल्या मुलीने तोंडाने बारीक शिट्टी वाजवली आणि हीटिंगचं वार्षिक बिल बघायला मागितलं. दारातच उभ्या उभ्या दोन रकमांवर बोट ठेवून म्हणाली, हे घरमालकाला लेखी विचारा. लोकशाही धोक्यात आहे वगैरे एक अक्षर नाही.

हा पक्ष निवडणुकीच्या महिनाभर आधीपर्यंत मतचाचण्यांत पाच टक्क्यांच्या उंबरठ्याखाली होता, म्हणजे संसदेतून बाद होण्याच्या बेतात. निकालात त्याला ८.८ टक्के मिळाले, बर्लिन शहरात तो पहिला आला, आणि आमच्या नॉयकोल्नमधून फेरात कोचाक निवडून आले. पूर्वीच्या पश्चिम जर्मनीच्या हद्दीत या पक्षाने थेट जिंकलेली ही पहिली जागा. त्याच दिवशी एएफडी हा कडवा उजवा पक्ष २०.८ टक्क्यांवर गेला आणि एसपीडी हा जुना समाजवादी पक्ष १६.४वर आला, महायुद्धानंतरचा त्यांचा नीचांक. आता हे सगळं त्या हीटिंगच्या बिलामुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. जानेवारीअखेर सीडीयू या उजवीकडच्या मोठ्या पक्षाचे नेते मेर्त्स यांनी स्थलांतराविरुद्धचा ठराव एएफडीच्या मतांवर मंजूर करून घेतला, त्यावर डी लिंकेच्या नेत्या हायडी रायखिनेक यांनी संसदेत केलेलं भाषण पोरापोरांच्या फोनवर फिरलं, त्याचाही वाटा मोठा. पण भाषण ऐकून पेटलेला माणूस दारात येऊन काय विचारतो, यालाही किंमत असते.

मग आता टाळ्या वाजवायच्या का? थांबा. २००४ साली बर्लिन शहराने आपली जीएसडब्ल्यू ही घरांची कंपनी विकली, सुमारे ६५,००० घरांसकट, ४० कोटी ५० लाख युरोंना. कंपनीचं कर्जही खरेदीदाराकडे गेलं हे खरं, तरी रोख रकमेला घरांनी भागून बघा: एका घराला सव्वासहा हजार युरो. तेव्हा शहरात सत्ता कोणाची? एसपीडी आणि आजच्या डी लिंकेचा पूर्वावतार. म्हणजे ज्यांनी घरं विकली त्यांचेच वारस आज भाडं विचारत दारोदार फिरताहेत. पुढे ती घरं एका शेअर बाजारातल्या कंपनीकडून दुसरीकडे गेली. २०२१च्या सार्वमतात बर्लिनकरांनी स्पष्ट बहुमताने कौल दिला की तीन हजारांहून जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं समाजाच्या मालकीची करा. घरं अजून कंपन्यांकडेच आहेत.

ड्रेस्डेनची गोष्ट याहून बोलकी आहे. २००६ साली त्या शहराने आपली झाडून सगळी घरं, सुमारे ४८,०००, एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकली आणि एका फटक्यात कर्जमुक्त झालं. केवढं कौतुक झालं त्याचं! १८ वर्षांनी, सप्टेंबर २०२४मध्ये, पहाटे तीनच्या सुमाराला त्याच शहरातल्या कॅरोला पुलाचा ट्रामचा भाग एल्बे नदीत कोसळला. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती. पूल पडला तो आतल्या पोलादी तारा सडल्यामुळे. घरं विकल्यामुळे नव्हे, उगाच जोडायला नको. पण वहीत शून्य कर्ज आणि नदीत पूल, हे चित्र इथल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलंय.

म्हणून माझं म्हणणं असं की पुरोगाम्यांनी आधी आपली ही चूक उघड कबूल करावी आणि सरकारी मालकीची घरं पुन्हा बांधायला घ्यावीत. २०१०पासून युरोपीय संघात घरांच्या किमती निम्म्याहून जास्त वाढल्या आहेत. ब्रसेल्सला, म्हणजे संघाच्या कारभाऱ्यांना, इतकी उशिरा जाग आली की घरांचं खातं नावात असलेला पहिला आयुक्त, डेन्मार्कचे डॅन योर्गेनसेन, डिसेंबर २०२४मध्ये नेमला गेला, तोही ऊर्जेच्या खात्याला जोडून. घरांचा विषय खरं तर संघाच्या अखत्यारीत येतच नाही, तो देशांचा आणि शहरांचा. पण पैसा आणि पैशाचे नियम ब्रसेल्सचे.

नमुना हवा असेल तर तो व्हिएन्नात आहे. गेल्या वर्षी आईला घेऊन गेले होते. हायलिगनश्टाट स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कार्ल मार्क्स हॉफ: एक किलोमीटरहून लांब एकच इमारत, भल्यामोठ्या कमानी, १९३० साली पुरी झालेली, जवळपास चौदाशे घरं. जागेच्या पाचव्या हिश्शावरही बांधकाम नाही, बाकी सगळी अंगणं. आई लालबागच्या चाळीत वाढलेली. तिने गॅलरीत वाळत टाकलेले कपडे बघितले, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बघितल्या आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली चाळ. फक्त संडास आत आहेत."

व्हिएन्नातल्या अशा इमारतींवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही नगरपालिकेने अमुक साली बांधली. जुन्या इमारतींवर पुढे हेही असतं: घरबांधणी कराच्या पैशातून. हा कर १९२३चा, शहराचे अर्थप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी लावलेला. छोट्या खोलीवर नाममात्र, बंगल्यावर सणसणीत. शिवाय शॅम्पेन, घरगडी, शर्यतीचे घोडे यांवर वेगळे कर होतेच. त्यातून दहा-अकरा वर्षांत ६०,०००हून जास्त घरं उभी राहिली. आजही पालिकेची सुमारे २,२०,००० घरं आहेत, आणि मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांची धरली तर निम्मं शहर अशा घरांत राहतं. तुमचा कर कुठे गेला हे भिंतीवर वाचता येतं, मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

व्हिएन्ना म्हणजे रामबाण औषध मात्र नाही. सप्टेंबर २०२४मध्ये ऑस्ट्रियात एफपीओ हा कडवा उजवा पक्ष २८.८ टक्के मतं घेऊन पहिला आला. व्हिएन्ना शहरात पहिले समाजवादीच राहिले, पण पुढच्या वर्षीच्या पालिका निवडणुकीत एफपीओने तिथेही वीस टक्के गाठले. आणि पालिकेचं घर मिळायला शहरात एकाच पत्त्यावर दोन वर्षं राहिलेलं असावं लागतं. म्हणजे नवा आलेला माणूस, तुमच्या भाचीसारखा, बाहेरच. गरजूंतही आतले आणि बाहेरचे अशी रांग लागते, आणि उजवे नेमके त्या रांगेशी जाऊन बोलतात.

कोणी म्हणेल, बांधायला वेळ लागतो, तोवर भाडी गोठवा. मुंबईकराला यावर वेगळं सांगायला नको. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली. भाडेकरू वाचला, पण मालकाने डागडुजी सोडली, पागडी आली, आणि आमच्या चाळीचा जिना माझ्या लहानपणापासून टेकूवर उभा होता. बर्लिननेही २०२०मध्ये भाडी गोठवली होती. एप्रिल २०२१मध्ये घटना न्यायालयाने कायदा रद्द केला, कारण तो करण्याचा अधिकार राज्याला नव्हता (बर्लिन हे शहरच एक राज्य आहे). माझं भाडं काही महिने कमी झालं होतं; निकालानंतर मालकाने फरकाची पूर्ण रक्कम मागितली आणि मी ती दोन हप्त्यांत भरली. गोठवणं हे घटकाभराचं काम आहे, सोबत नवी घरं नसतील तर ते आपल्यावरच उलटतं.

पैसा कुठून आणायचा? इथेच खरी लढाई आहे. जर्मनीने २००९मध्ये कर्ज काढायला घटनेतच लगाम घातला. वर्षानुवर्षं शाळा, पूल, रेल्वे काहीही मागा, उत्तर एकच: लगाम आहे. मार्च २०२५मध्ये, मावळत्या संसदेचं अधिवेशन बोलावून, तो दोन आठवड्यांत सैल केला गेला. जीडीपीच्या एक टक्क्यावरचा संरक्षण खर्च लगामातून बाहेर, आणि पायाभूत कामांसाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी. युरोपीय संघानेही तूट तीन टक्क्यांत ठेवण्याच्या नियमातून शस्त्रखर्चाला सूट दिली. मी शस्त्रांच्या विरोधात नाही. युक्रेनमधून आलेली एक बाई आमच्याच मजल्यावर राहते; तिच्यासमोर उभं राहून शांततेचं व्याख्यान द्यायची माझी हिंमत नाही, आणि अमेरिकेवर विसंबून राहायचे दिवस गेले हेही दिसतंय. पण रणगाड्यासाठी नियम वाकतो तर घरासाठी का नाही, हा प्रश्न पुरोगाम्यांनी रोज, कंटाळा येईपर्यंत विचारला पाहिजे.

हवामानाचंही याच हिशोबात बसतं. फ्रान्समध्ये २०१८ला इंधनावरच्या करावरून पिवळ्या जॅकेटवाले आंदोलक रस्त्यावर उतरले. जर्मनीत २०२३च्या हीटर कायद्यावरून (गॅस-तेलाऐवजी पर्यावरणाला कमी त्रासाचे, पण महागडे हीटर बसवा असं सांगणारा) ग्रीन पक्षाची जी फजिती झाली ती अजून निस्तरतेय. दोन्हीकडे बिल आधी आलं, मदत मागून.

आणि स्थलांतर? उजव्यांची नक्कल करून बघा, असा सल्ला डेन्मार्ककडे बोट दाखवून दिला जातो. तिथल्या समाजवाद्यांना २०१९मध्ये फायदा झालाही. पण नोव्हेंबर २०२५मध्ये त्यांनी शंभराहून जास्त वर्षं हातात असलेलं कोपनहेगनचं महापौरपद गमावलं. तेही जास्त डाव्या पक्षाला. त्या शहरात घरांच्या किमती काय आहेत हे एकदा बघा, म्हणजे माझं पालुपद कळेल.

आता भाचीचं. विद्यापीठाचं पत्र हातात पडायची वाट न पाहता विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत नाव आत्ताच घाला. खोली बघायला गेलं की जिन्यावरून फुटपाथपर्यंत रांग असते आणि प्रत्येकाच्या हातात फाइल, तर तिचीही तयार हवी: पासपोर्ट, प्रवेशपत्र, खात्यातल्या पैशांचा दाखला, जामीन राहणाऱ्याचं पत्र. खोली न बघता डिपॉझिट पाठवू नका, कितीही गोड बोलला तरी. आणि मालक पत्त्याच्या नोंदणीसाठी सही देणार का, हे आधी लेखी घ्या. ती नोंदणी नसेल तर बँकेपासून व्हिसा वाढवण्यापर्यंत सगळं अडतं. पहिले दोन महिने अगदीच काही जमलं नाही तर इथे मेसेज करा. आमच्याकडे हॉलमधला सोफा उघडतो.