मुलीच्या कमरेला पिस्तूल येणार, या चिंतेत असलेल्या आईस

(विट्याहून एका अंगणवाडी सेविकेने पाठवलेल्या पत्राचा आशय : मुलगी बी.एस्सी. झाली असून सांगलीत खोली घेऊन एमपीएससीच्या अराजपत्रित गट-ब परीक्षेची तयारी करते. तिला पोलीस उपनिरीक्षकच व्हायचे आहे. कोयता घेऊन अंगावर आलेल्या आरोपीवर पोलिसांनी गोळी झाडल्याची बातमी वाचल्यापासून आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. ‘हिने गोळी झाडली तर तुरुंगात जाईल, नाही झाडली तर जिवाला मुकेल, त्यापेक्षा राज्यकर निरीक्षक किंवा मंत्रालयातील सहायक कक्ष अधिकारी ही पदे काय वाईट?’ असा त्यांचा प्रश्न आहे. धाकटा भाऊ बहिणीला आतापासूनच ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ म्हणून चिडवतो, असेही त्यांनी लिहिले आहे.)

ताई, सप्रेम नमस्कार.

आपली भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. तुरुंगाची गोष्ट आधी घेतो, कारण तिच्याविषयी पालकांमध्येच नव्हे, तर अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांमध्येही पुष्कळ गैरसमज आहेत.

माणूस मारण्याचा वेगळा परवाना पोलिसाला आपल्या कायद्याने दिलेला नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा जो अधिकार आपल्याला व मला आहे, तोच मुळात गणवेशातील माणसालाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो सांगितला असून, हल्लेखोराचा मृत्यू होईपर्यंत हा अधिकार केव्हा ताणता येतो ते कलम ३८ मध्ये आहे : मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी असा हल्ला, हा त्यांतील मुख्य प्रसंग. बचावासाठी जेवढे आवश्यक, त्याहून अधिक इजा करता येत नाही, ही मर्यादा कलम ३७ मध्ये आहे. अटक करताना आरोपीने बळाने विरोध केला, तर आवश्यक ते सर्व उपाय योजण्याची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास व खटल्याची पद्धत सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ४३ ने पोलिसाला दिली आहे. परंतु ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा केवळ अटकेसाठी जीव घेण्याचा अधिकार नाही, असेही त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे दुचाकी चोरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालता येत नाही. अमेरिकन पोलिसांच्या चित्रफिती मोबाईलवर पाहणाऱ्या मुलांना हे पटत नाही. पण तेथील सर्वोच्च न्यायालयानेही कुंपणावरून पळणाऱ्या एका निःशस्त्र मुलाच्या मृत्यूच्या खटल्यात १९८५ सालीच जवळपास हेच सांगितले आहे.

आता हे प्रत्यक्षात कसे दिसते ते पाहू. सांगली-मिरज रस्त्यावर रात्रीची नाकाबंदी आहे, दुचाकीवरून आलेल्या तरुणाने पिशवीतून कोयता काढला आणि तो हवालदारावर धावून गेला, असे समजा. दोघांत चार-पाच पावलांचे अंतर असेल, तर विचार करायला वेळ जवळजवळ नसतोच. त्या क्षणी उपनिरीक्षकाने झाडलेल्या गोळीला कायद्याचा आधार आहे. तोच तरुण दूर उभा राहून नुसताच कोयता नाचवत असेल, तर अंतर राखणे, मोठ्याने इशारा देणे, आडोसा घेणे आणि कुमक मागवणे हे मार्ग शिल्लक असतात व त्यांचा जाब पुढे विचारला जातो. कोयता हातातून पडला, माणूस ताब्यात आला, की अधिकार त्याच क्षणी संपला. २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यातील कोठडीतील मृत्यूप्रकरणी उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली होती, हे या भागात कोणाला नव्याने सांगायला नको.

‘पायावर का नाही मारली?’ हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर येतो. कायद्यात पायाचा उल्लेख नाही. अंधारात धावणाऱ्या माणसाचा पाय पिस्तुलाने टिपणे हे परेड ग्राउंडवरच्या स्थिर लक्ष्यावर नेम धरण्याइतके सोपे नसते, हे कोणताही अनुभवी अंमलदार सांगेल. तरीही हा प्रश्न गैरलागू नाही. बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपीचा सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत मृत्यू झाला, तेव्हा गोळी हातापायावर न मारता डोक्यात का मारली, असे मुंबई उच्च न्यायालयाने विचारलेच होते. चार पोलिसांच्या गराड्यातील माणूस आणि रस्त्यावर मोकळा सुटलेला हल्लेखोर यांना न्यायालय एकच माप लावत नाही, आणि ते योग्यच आहे.

गोळी झाडल्यानंतरचा भाग आपल्याला अधिक जवळचा वाटेल. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकींविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायची, संबंधित अधिकाऱ्याने आपले शस्त्र तपासणीसाठी जमा करायचे, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्य पारितोषिक द्यायचे नाही, असे त्यांत आहे. पिस्तुलातून किती राउंड सुटले, रिकाम्या पुंगळ्या कोठे पडल्या, स्टेशन डायरीत नोंद किती वाजता झाली, हे सारे जुळवून पाहिले जाते. त्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाला घटनेची माहिती द्यावी आणि वकिलाची किंवा समुपदेशनाची गरज असल्यास तीही पुरवावी, अशीही त्यांत एक सूचना आहे. ती फारशी कोणी वाचत नाही. आपण मात्र जरूर वाचावी.

तेव्हा गोळी खरोखर जीव वाचवण्यासाठी सुटली असेल, तर आपल्या मुलीची चौकशी होईल, पण चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे. ती मनस्ताप देणारी असते आणि लांबते, हे मात्र मी लपवणार नाही.

भावाच्या चेष्टेविषयी थोडे कडक लिहितो. मुंबईतील नोव्हेंबर २००६ च्या एका बनावट चकमकीच्या खटल्यात २०१३ मध्ये पोलिसांसह एकवीस जणांना शिक्षा झाली. आणि ज्या नामांकित अधिकाऱ्याची तेव्हा सुटका झाली होती, त्यालाही मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप ठोठावली. ‘स्पेशालिस्ट’ या बिरुदाच्या आकर्षणाने जो उमेदवार या खात्यात येऊ पाहतो, त्याला मी स्पष्टपणे दुसरे पद सुचवतो.

जिवाच्या धोक्याविषयी आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर होते. हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत हाती लागला. पुढे खटला चालला आणि कटाचा पुरावा जगासमोर आला. त्याच नाकाबंदीवर, त्याच काही मिनिटांत, गाडीतील दुसरा दहशतवादी पोलिसांच्या गोळीने ठार झाला, आणि त्या गोळीबद्दल कोणीही रास्त शंका घेतलेली नाही. या सेवेत हे दोन्ही घडू शकते. ओंबळे यांच्या धैर्यापुढे नतमस्तक व्हावे, पण लाठी घेऊन रायफलीसमोर जाण्याची अपेक्षा कोणत्याही मुलीकडून ठेवू नये, आणि तिनेही स्वतःकडून ठेवू नये.

बहुतेक उपनिरीक्षकांचे दिवस पंचनामे, जबाब, दोषारोपपत्रे आणि बंदोबस्त यांत जातात. पिस्तूल बहुधा कमरेलाच राहते. म्हणून मुलीचा नेम किती चांगला आहे, यापेक्षा मी तिच्याविषयी दोन गोष्टी विचारीन. कोणी अपमान केला, तर ती आवाज न चढवता उभी राहू शकते का? आणि घडले तसे, स्वतःला अडचणीचे असले तरी, कागदावर लिहू शकते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर तिला अडवू नये. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर राज्यकर निरीक्षक हे पद खरोखरच अधिक चांगले, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पदाचा निर्णय आजच घ्यावा लागणार नाही, कारण या सर्व पदांची पूर्व परीक्षा एकच असते. शारीरिक चाचणी मात्र यांपैकी फक्त उपनिरीक्षकासाठी आहे, आणि गोळाफेक व धावणे मुख्य परीक्षेनंतरच्या थोड्या दिवसांत जमत नाही. तिने आतापासूनच सकाळी शिवाजी स्टेडियमवर जायला सुरुवात करावी. विट्याच्या पोलीस ठाण्यात महिला उपनिरीक्षक असतील, तर आपण दोघींनी वेळ मागून त्यांना भेटावे, आणि आपला प्रश्न मला लिहिलात त्याच शब्दांत त्यांनाही विचारावा.