रस्ता आहे, पण कोणत्या महिन्यात?

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना, नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला २० गुंठे घ्यायचे, सुट्टीत जाऊन राहायला दोन खोल्यांचं घर बांधायचं. आणि शेवटी लिहिलंय, ''डांबरीपासून दीडशे मीटर आत आहे, पण रस्ता आहे, आमची गाडी जागेपर्यंत गेली.'' जागा पाहिलीत फेब्रुवारीत. अकरा वर्षांपूर्वी माझ्याही तोंडी हेच वाक्य होतं, आणि महिनाही हाच होता, म्हणून लिहायला बसलो.

शेतकरी असल्याचा दाखला, जुने फेरफार, वकिलांचा शोध अहवाल, खरेदीआधी सरकारी मोजणी, हे सगळं तुम्ही करणारच. त्यावर लिहीत नाही.

माझी जागा सह्याद्रीतच, दुसऱ्या तालुक्यात. आमची गाडी जागेवर गेली ती दोन भातखाचरांतून, आणि मला ते कळलंच नाही. भात कधीच निघालेलं, जमीन कडक, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या उमटलेल्या, बांध एका ठिकाणी फोडून सपाट केलेला. गावात तिघांना विचारलं, तिघंही म्हणाले रस्ता आहे. ते खोटं बोलले नाहीत. भातपट्ट्यात सुगी उरकली की शिवार मोकळं होतं, कुणाचाही ट्रॅक्टर कुणाच्याही खाचरातून जातो, कुणी हरकत घेत नाही. पावसाच्या तोंडावर बांध पुन्हा घातला जातो आणि वाट संपते.

मार्चमध्ये खरेदीखत झालं. जुलैत आईबाबांना जागा दाखवायला घेऊन गेलो. डांबरीला लागूनच घोट्याच्या वर पाणी, लावणी चाललेली, इरली घेतलेल्या बायका ओणव्या होऊन रोपं लावत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे आमची जागा. बाबांचे गुडघे दुखतात, निसरड्या बांधावरून त्यांना नेणं शक्य नव्हतं. गाडीतच डबा खाल्ला आणि परत फिरलो. बाबांनी ती जागा पुढे चार वर्षं पाहिली नाही. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं.

चूक माझीच. खरेदीखतात एक ठरावीक ओळ असते, ''जाण्या-येण्याच्या वहिवाटीच्या हक्कांसह''. त्या ओळीवर मी विसंबलो. अहो, मधली जमीन विकणाऱ्याची नव्हतीच! जे त्याचं नाही, त्यावरचा हक्क तो मला कुठून देणार? तुमच्या मसुद्यातही ही ओळ असेल. ती वाचून निर्धास्त होऊ नका.

मग मी कार्यालयाची पायरी चढलो. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो, म्हणून अर्ज केला. मधल्या गटाच्या, म्हणजे वाटेत येणाऱ्या त्या जमिनीच्या, सातबाऱ्यावर नऊ नावं. प्रत्येकाला नोटीस पोचली पाहिजे. त्यातले एक गृहस्थ वारलेले, वारसनोंद झालेली नाही, म्हणून नोटीस परत. हे मला कुणी सांगितलं नाही. दर तारखेला रजा टाकून जायचं, बाकावर दुपारपर्यंत बसायचं, आणि उत्तर एकच, साहेब बैठकीला गेलेत, पुढची तारीख घ्या. चौदा महिन्यांनी एका शिपायाने फाईल उघडून परत आलेलं पाकीट दाखवलं. मग वारस शोधून अर्ज दुरुस्त केला, तोवर साहेबांची बदली. नवीन साहेबांनी स्थळपाहणी पुन्हा लावली. पावणेतीन वर्षं गेली, हातात आदेश नाही. सगळीकडे असंच होतं असं म्हणत नाही, चांगले अधिकारीही असतात. पण एक पाकीट परत आलंय, एवढं सांगायला चौदा महिने लागावेत याचा राग अजून जात नाही.

शेवटी सुटलं ते कार्यालयाबाहेर. मधल्या शेतकऱ्यांच्या घरी गेलो, ओट्यावर बसलो, आणि पहिल्यांदा त्यांची बाजू ऐकली. खाचराच्या मधून रस्ता दिला तर पाणी धरत नाही, अर्धं पीक जातं. त्यांचं बरोबरच होतं. मग कडेच्या बांधाने, वळसा घालून, १० फुटांचा रस्ता ठरला. मोबदला दिला, सगळ्या वारसांच्या सह्यांनिशी दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवला. हेच खरेदीआधी केलं असतं तर तिसऱ्या हिश्श्यात झालं असतं, कारण तेव्हा मी 'नको' म्हणून उठू शकत होतो.

तेव्हा माझं स्पष्ट मत: बयाणा देण्याआधी गावनकाशा काढा. दुबार तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, तो जेमतेम सव्वाआठ फुटांचा. तुमची गाडी गेली ती वाट यात कुठेच नसेल, तर रस्ता नाही असंच धरा. मधल्या गटमालकांचा नोंदणीकृत दस्त आधी, खरेदी नंतर. एजंट म्हणेल असं कुणी करत नाही. म्हणू दे. दस्त झाला की सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात नोंद व्हावी म्हणून पाठपुरावा करा. मी वकील नाही, हा एका माणसाचा अनुभव आहे, मसुदा मात्र तिथल्या स्थानिक वकिलांकडूनच करून घ्या.

त्याच रकान्यात 'वन' हा शब्द कुठे दिसला तर थांबा. खाजगी वनं सरकारजमा करणाऱ्या १९७५ च्या कायद्याचं शुक्लकाष्ठ कित्येक वर्षांनीही मागे लागतं. आणि धरणाचं पाणी दिसतंय म्हणून भुललात असाल तर पाणी भरल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात, एकदा जाऊन या. उन्हाळ्यात उघडी पडलेली सपाटी धरणाची असते, ती तुमच्या जागेसारखीच दिसते.

घाईत असाल तर निदान एवढं करा: डांबरी ते तुमची जागा, मधल्या गटांचे नंबर नकाशावरून काढा आणि प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते मोजा. मालकांची नावं इथे टाकू नका, फक्त आकडा आणि नकाशावरची रेषा कशी आहे ते लिहा. शनिवारी मी मोकळा आहे, बघून सांगतो.